सणासाठी उकळलेली प्लेट

माझी प्लेट दुधाची की मांसाची, हा प्रश्न मला पहिल्यांदा इस्रायलमधल्या लोद गावात विचारला गेला. विचारणारी आमची शेजारीण. रुमानियाहून आलेली, अंगानं आणि आवाजानं आईच्या दुप्पट, मनानं वाईट नाही. मी तिच्याकडे चाळणी परत द्यायला गेले होते आणि ती दारातच माझ्या तोंडातल्या तारेकडे बोट रोखून उभी राहिली. हिब्रू मला तोवर बऱ्यापैकी येऊ लागलं होतं. प्रश्नातला शब्द न् शब्द कळला, प्रश्न मात्र कळला नाही. त्या काळात माझं बहुतेक असंच व्हायचं.

प्लेट म्हणजे दातांची प्लेट. मुंबईत असताना माझे वरचे दात पुढे होते, चांगले फावड्यासारखे. आईनं मला दातांच्या कॉलेजात नेलं. तिथे शिकणाऱ्या मुलांना सरावाला असे दात हवेच असायचे, त्यामुळे माझं भलतंच स्वागत झालं. मग बरेच दिवस दातांवर पट्ट्या आणि तारा. दात एकदाचे रांगेत आले तेव्हा पट्ट्या निघाल्या आणि टाळूला चिकटून बसणारी एक गुलाबी प्लेट मिळाली. तिच्यातून निघालेली तार समोरच्या दातांवरून आडवी जायची. डॉक्टर म्हणाले, दात सरळ करणं सोपं, सरळ ठेवणं कठीण. हाड अजून घट्ट झालेलं नाही. ही काढून ठेवलीत तर दात हळूहळू आपल्या जुन्या जागी जातील. दोन वर्षं दिवसरात्र घालायची, जेवताना तेवढी काढायची, साबण लावून ब्रशनं घासायची, आणि तोंडाबाहेर असली की गार पाण्यात ठेवायची. आईनं सगळं कान देऊन ऐकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, बासष्ट सालच्या अखेरीला, आम्ही मुंबई सोडली.

यात आईचं काय होतं, ते आधी सांगायला हवं. आईचे दात माझ्याहूनही पुढे होते. हे मला ठाऊक होतं, पण मी ते नीट असे कधी पाहिले नव्हते. ती हसताना पदर तोंडावर घ्यायची. फोटो काढताना ओठ इतके आवळायची की लग्नाच्या फोटोत ती नवऱ्याशी भांडण उकरून काढायला बसल्यासारखी दिसते. लहानपणी तिला कोण काय म्हणालं, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण माझे दुधाचे दात पडून नवे निघाले आणि तेही तिच्याच वळणावर गेले, त्या दिवशी ती जेवली नव्हती असं पपा सांगायचे. आपल्या मुलीनं तोंड झाकून हसायचं नाही, हा एकच हट्ट मी तिला आयुष्यात धरताना पाहिला. बाकी सगळ्या बाबतीत ती पपांचं ऐकायची, किंवा ऐकल्यासारखं करायची.

लोदला आल्यावर आई संत्री बांधायच्या शेडमध्ये कामाला लागली. तिथे साडी चालेना. फ्रॉक आला, आणि फ्रॉकला पदर नसतो. मग पदराच्या जागी तळहात आला. कोणी विनोद केला की आईचा उजवा हात आपोआप वर जायचा, मग त्यात संत्रं असो की लाटणं.

माझ्या प्लेटची बडदास्त मात्र राणीसारखी. तिच्यासाठी एक वेगळा पेला होता आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. रोज सकाळी आई ती उजेडात धरून बघायची, तार वाकली नाही ना, कुठे पिवळट थर बसला नाही ना. जेवताना मी ती कागदात गुंडाळायची नाही, रुमालातच ठेवायची, कारण कागद कोणीही उचलून टाकतो. पाहुणे आले की त्यांना पेला दाखवला जायचा. पपा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि मुंबईची आठवण काढल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. ते म्हणायचे, "बघा, दातांना तरी परतीची वाट ठाऊक आहे. आपल्याला तीही नाही." आई म्हणायची, "दातांना पण जायचं नाही न् तुम्हांला पण जायचं नाही. गुमान जेवा."

शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं केलं. हिब्रूत घशातून खरवडून काढायचे काही उच्चार आहेत, आणि प्लेट घातली की माझ्या तोंडात नुसती लाळ जमायची. बाई म्हणाल्या, तोंडातली गोळी बाहेर काढ. मला वाटलं, त्यांना सगळं ठाऊक असेल आणि इथे प्लेटलाच गोळी म्हणत असतील. मी प्लेट काढून तळहातावर ठेवली आणि पुढे केली. पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली. बाई म्हणाल्या, परत ठेव, परत ठेव. दुपारपर्यंत शाळाभर झालं की हिंदुस्थानात मुलींना लहानपणीच खोटे दात बसवतात.

तर, दुधाची की मांसाची. आमच्या यहुदी धर्मात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, हे मुंबईतही आम्ही पाळत होतो, पण आमच्या सोप्या रीतीनं. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालायचं, मटण जेवल्यावर दुधाचा चहा प्यायचा नाही, झालं. इथे शेजारणीकडे भांडी दोन तऱ्हांची, फडकी दोन तऱ्हांची, साबणाच्या वड्यासुद्धा दोन, एक लाल रेघेची आणि एक निळ्या. ती आईला हे सगळं शिकवायची, आणि आई शाळेतल्या मुलीसारखी मान हलवायची. मी जेवताना प्लेट काढते, म्हणजे ती कशाचीच नाही, असं मी शेजारणीला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "पण लाळ?" घरी येऊन मी तोच प्रश्न आईला विचारला, आईनं पपांना. पपा म्हणाले, असले प्रश्न ज्यांना पडतात त्यांचे दात आधीच पडलेले असतात.

पपांची थट्टा आईला तेव्हा आवडत नसे, आणि त्याला कारण होतं. त्या वर्षांत हिंदुस्थानातून आलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांच्या वेळी रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, चौकशी करायचे. आईची आई कोण, तिची आई कोण, घराण्यात कोणी बाहेरचं आलं होतं का. कोकणातल्या कुठल्या गावच्या खापरपणजीबद्दल लोदच्या टेबलावर बसून काय सांगणार? आम्ही तेल गाळणारे, पण शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या वारी, घाण्याला हात न लावणारे, म्हणून कोकणात आम्हांला शनिवार तेली म्हणत. तिथे हिंदू शेजारी आम्हांला ओळखत ते आमच्या धर्मावरून. आणि इथे, जिथे सगळेच यहुदी, तिथे आम्ही यहुदी आहोत का, असा प्रश्न होता. मला हे तेव्हा समजलं नाही. खरं सांगायचं तर नीटसं अजूनही समजलेलं नाही. आईनं मात्र त्याचं उत्तर आपल्या परीनं काढलं. कोणाला बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही. शेजारीण एक सांगे, आई दोन करी.

त्रेसष्टच्या वसंतात पेसाहचा सण आला. हा बिनखमिराचा सण. त्या दिवसांत पाव, बिस्किट, आंबवलेलं काही घरात ठेवायचं नाही, आणि ज्या भांड्यांना वर्षभर पाव लागलाय तीही तशीच वापरायची नाहीत. आमची जुनी माणसं याला अनशी ढाकायचा सण म्हणत. अनशी म्हणजे आंबट ठेवायचं मडकं, ते झाकून ठेवायचं. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची, मातीची नवी यायची, भिंतींना चुना लागायचा. मुंबईत सण आठ दिवसांचा, इथे सातच. तो आठवा दिवस कुठे गेला, हे मला कोणी सांगू शकलं नाही.

सणाच्या आदल्या सकाळी सिनेगॉगच्या आवारात मोठा हंडा चुलाण्यावर चढवला होता. पाणी नुसतं उसळत होतं. बायकांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या हातात पातेली, झारे, चमच्यांच्या जुड्या. हंड्यापाशी एक दाढीवाला माणूस लांब आकडा घेऊन उभा. तो एकेकीचं सामान जाळीत घालून उकळत्या पाण्यात बुडवायचा, वर काढायचा, शेजारच्या बादलीतल्या गार पाण्यात विसळायचा आणि परत द्यायचा. झालं भांडं सणासाठी कशेर, म्हणजे धर्माला चालणारं. आईला ही रीत फार आवडली. मुंबईत कल्हईवाला घरी यायचा, कोणी बघायचं नाही. इथे चारचौघींत होत होतं.

आमचा नंबर आला. आईनं चमचे पुढे केले, मग थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तोंड उघड गो. प्लेट काढ."

"आई, डॉक्टरांनी गार पाणी सांगितलंय."

"डॉक्टर ऱ्हायला मुंबईला. वर्षभर पाव खाल्लास की नाही त्या तोंडानं?"

"काढून खाल्ला."

"आणि मग परत कुठे घातलीस? त्याच तोंडात ना?"

रांगेतल्या बायका वाकून बघू लागल्या होत्या. आमची शेजारीणही त्यांत होती. मी प्लेट काढून दिली. दाढीवाल्यानं ती दोन बोटांत धरून विचारलं, हे काय? आईनं आपल्या मोडक्या हिब्रूत सांगितलं, "दात. माझ्या मुलीचे. कशेर करा." त्यानं विचारलं, कुठून आलात? आई म्हणाली, हिंदुस्थानातून. त्यानं आम्हां दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता हा पणजीचं नाव विचारणार. पण त्यानं खांदे उडवले, प्लेट चमच्यांबरोबर जाळीत टाकली आणि खाली सोडली. वर काढून बादलीत बुडवली. म्हणजे गार पाणीही झालं. डॉक्टर आणि देव, दोघांचंही ऐकलं गेलं.

घरी जाताना आईची मान ताठ होती. रांगेतल्या बायकांनी पाहिलं होतं की या घरात दातसुद्धा कशेर करतात.

प्लेट घातली तर ती बसेना. एका बाजूनं टाळूला लागायची आणि दुसऱ्या बाजूनं लोंबायची. तिचा गुलाबी रंग जाऊन ती ढगाळ पांढरी झाली होती. मी दाबून पाहिली, हिरडीला खुपली. मला वाटलं, भांडी गरम झाली की फुगतात आणि निवली की ताळ्यावर येतात, तसंच हिचं असेल. मी ती पेल्यात ठेवली आणि कोणालाच काही बोलले नाही, कारण काय झालंय हे माझं मलाच कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सेदेरचं, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीचं जेवण होतं. जेवणाआधी घरातल्या सगळ्यांत लहानानं मोठ्यानं प्रश्न वाचायचे असतात, ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का. घरात लहान मीच. मी उभी राहून वाचायला लागले, आणि काय झालं, माझं हिब्रू झऱ्यासारखं निघालं. एकही अक्षर चिकटलं नाही, लाळ नाही, शिट्टी नाही. पपांनी मान डोलावली. आईचा चेहरा फुलला. आणि मग तो फुललेला चेहरा तसाच थांबला. हातातला मात्सा, म्हणजे सणाची बेखमीर भाकर, तिनं ताटात ठेवला.

"तुझी प्लेट कुठाय?"

मी पेला आणून दाखवला. आईनं प्लेट उजेडात धरली, रोज धरायची तशीच. मग माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं बसवून पाहिली. एकदा, दोनदा. सणाच्या दिवशी रडायचं नसतं, म्हणून ती रडली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि कोणावर रागवावं तेही कळेना. दाढीवाल्यावर? शेजारणीवर? की डॉक्टरांवर, ज्यांनी गार पाणी सांगितलं पण गरम पाण्यानं काय होईल ते सांगितलं नाही?

सणाचा पहिला दिवस गेल्यावर पपांनी प्रकरण हातात घेतलं. जे गरम पाण्यानं वाकलं ते गरम पाण्यानंच सरळ होणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्लेट पुन्हा गरम पाण्यात धरली, मऊ झाल्यासारखी वाटली तशी माझ्या टाळूवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. मी ओरडले. त्यांनी बाहेर काढून दोन्ही हातांनी जरा पीळ दिला. टच्च असा आवाज आला आणि प्लेटचे दोन तुकडे झाले. तार तेवढी दोन्हींना धरून राहिली.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं," पपा म्हणाले.

"तुम्ही तोंड बंद ठेवा," आई म्हणाली. तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेजारीण आली. आईनं तिला तुकडे दाखवले. शेजारणीनं हळहळ केली, खरीच केली, आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिनं विचारलं, उकळायच्या आधी ही किती वेळ वापरात नव्हती? आईला कळेना. मी सांगितलं, तोंडातच होती, रांगेत उभी राहीपर्यंत. शेजारणीनं कपाळाला हात लावला. वस्तू आधी अख्खा दिवस न वापरता ठेवावी लागते, नाहीतर उकळून उपयोग नाही. म्हणजे आमची प्लेट ना धड प्लेट राहिली होती ना धड कशेर झाली होती. आई पायरीवर बसली. तिनं मला विचारलं, "हे तिनं आधी का नाही सांगितलं गो?" मी हे शेजारणीला हिब्रूत विचारलं. ती म्हणाली, मला काय ठाऊक तुम्ही दातही आणाल?

आठवड्याच्या मध्यावर माझ्या जिभेला काहीतरी निराळं लागू लागलं. वरच्या डाव्या दाताची कड. आधी रांगेत असलेला दात आता जिभेला पायरीसारखा लागत होता. आरशात बघितलं तर फरक केसाएवढा. पण मला तो हनुमानाच्या उडीएवढा वाटला. मी दिवसातून शंभरदा जीभ फिरवायची आणि दर वेळी तो आणखी पुढे आल्यासारखा वाटायचा. खरं किती आणि मनाचं किती, कोण सांगणार.

त्याच दिवशी पपांनी काहीतरी थट्टा केली. मी हसले, आणि माझा हात वर गेला. उजवा हात, तळहात तोंडावर, बोटं जरा वाकडी. मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते आईनं फाटकन माझ्या हातावर मारलं तेव्हा.

"हात खाली," ती म्हणाली. मग आत गेली, प्लेटचे तुकडे रुमालात बांधले, आणि बाहेर येऊन म्हणाली, "चल."

शेजारच्या रामला गावात दातांचा एक डॉक्टर बसायचा. म्हातारा, जर्मनीहून आलेला, कोट कडक इस्त्रीचा. तो म्हाताऱ्यांच्या कवळ्या करायचा, असं कळलं होतं. दवाखान्यात शिरलो तेव्हा त्याची जेवायची वेळ असावी. टेबलावर पसरलेल्या स्वच्छ रुमालावर सफरचंदाच्या फोडी होत्या, लोणी होतं, आणि पाव होता. चांगला जाड, काळपट कडेचा, आंबवून फुगलेला पाव.

त्यानं मला खुर्चीत बसवलं, तोंड बघितलं, प्लेटचे तुकडे उलटेपालटे केले. हिब्रूत विचारलं, हिचं असं कशानं झालं? मी सांगितलं, उकळली. का? सणासाठी. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, माझं हिब्रू कच्चं आहे.

आईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती टेबलाकडे बघत होती.

"अगं, तो पाव आहे ना?"

"हो."

"आज?"

"हो, आई."

"हा यहुदी आहे ना गो?"

"असेल. नाव तर तसंच आहे."

"विचार."

"आई!"

"विचार म्हणते ना."

मी चौदा-पंधरा वर्षांची, तोंडात कापसाचा बोळा. बोळा काढला आणि त्या कडक इस्त्रीच्या माणसाला विचारलं, "माझी आई विचारते, तुम्ही यहुदी आहात का?"

हातातली लहानशी आरशाची काडी त्यानं ट्रेमध्ये ठेवली, अगदी आवाज न करता. मला वाटलं, आता हा आम्हांला हाकलणार, आणि बरोबरच करणार. मग तो म्हणाला, "हा प्रश्न मला याआधी जर्मनीत विचारला होता. तिथे खरं उत्तर दिल्यावर माझा दवाखाना गेला." त्यानं काडी पुन्हा उचलली. "आईला सांग, हो."

मी आईला सांगितलं. आईचा चेहरा उतरला. तिला जर्मनीचं थोडंफार माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. ती म्हणाली, "त्यांना सांग, रागावू नका. आम्हांला पण विचारतात. इथे."

मी तसं सांगितलं. त्यानं विचारलं, कोण विचारतं? मी सांगितलं, रब्बी. लग्नाच्या वेळी. पणजीचीही पणजी विचारतात. त्यानं आईकडे पाहिलं, मग तुकड्यांकडे पाहिलं, मग आपल्या पावाकडे पाहिलं. आणि त्याला सगळं एकदम उमगलं. हंडा, प्लेट, पणजी, सगळं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "पाव मी खातो, आणि दात तुम्ही उकळता."

मी हे मराठीत सांगितलं. आणि आई हसली. माझ्या आईला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, डोकं मागे, तोंड सताड उघडं. डॉक्टरही हसायला लागला. मी मात्र खुर्चीत बसून तिचे दात बघत होते. सगळे बाहेर आलेले, मोठे, पांढरेस्वच्छ. त्यांत भिण्यासारखं काय होतं, ते मला दिसेना. यासाठी पदर? यासाठी कॉलेज, तारा, पेला, हंडा? मी गोंधळून गेले, आणि का कोण जाणे, मला रडू आलं.

डॉक्टरनंही तिचे दात पाहिले, पण धंद्याच्या नजरेनं. म्हणाला, "आता कळलं, हिचे दात कुठून निघाले होते आणि कुठे चाललेत." मग त्यानं माझ्या तोंडाचा साचा घेतला. त्यानं स्वच्छ सांगितलं की जो दात पुढे आलाय तो मागे नेणं त्याच्या हातात नाही. आहेत तिथे सगळ्यांना धरून ठेवीन, म्हणाला. आणि उकळू नका. आईनं विचारायला लावलं, मग सणाला काय करायचं? तो म्हणाला, मला विचारता? आणि पावाकडे बोट दाखवलं.

नवी प्लेट पुढे मिळाली आणि चौसष्ट साल सरेपर्यंत मी ती इमानानं घातली. पुढच्या पेसाहला आईनं ती नळाखाली धरली, गार पाण्यात, बराच वेळ, आणि मला परत दिली. शेजारीण बघत होती. आईनं तिला काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ते बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. तो डावा दात आजही जरासा पुढे आहे.

पण मला आठवते ती त्या दिवशीची परतीची बस. बस खच्चून भरलेली, आम्ही उभ्या. मी एका हातानं वरची दांडी धरली होती. दुसरा हात तोंडाकडे जाऊ लागला की आई तो खाली ओढायची. शेवटी तिनं माझं मनगट धरलं ते धरलंच. तिच्या दुसऱ्या हातात पिशवी. समोरच्या बाकावर खाकी अर्ध्या चड्डीतला, उन्हानं लाल झालेला एक माणूस बसला होता. लोदचं वळण आलं तशी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली, आणि आतून निघाला पाव.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "आणखी एक," ती मराठीत म्हणाली.

आम्ही हसत सुटलो. तोंड झाकायला दोघींपाशी एकही हात मोकळा नव्हता. तो माणूस चावता चावता थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला, आणि आम्ही त्याला आमचे सगळे दात दाखवत लोद येईपर्यंत हसत होतो.